चारशे शब्दांची पंगत

बिश्केकमध्ये तिसऱ्या मजल्यावर घरं पुष्कळ आहेत. पण तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आणखी एक अख्खं घर ठेवलेलं, असं फक्त इशेनकुलकडेच.

त्याचं झालं असं, की सासूबाई जाताना आपलं बोझ-उय, म्हणजे लोकरीच्या नमद्याचं ते गोल घर, लेकीच्या नावे ठेवून गेल्या. डोंगरात राहत असते तर प्रश्न नव्हता. इथे दोन खोल्यांत ते सुटं करून भरावं लागलं. छताच्या लांब वाकड्या काठ्या बोळात भिंतीला टेकवून उभ्या केल्या, आणि बोळ इतका चिंचोळा झाला, की जाडजूड पाहुणा एकदा आत शिरला की त्याला वळता येईना. त्याने सरळ स्वयंपाकघरापर्यंत जायचं, तिथे चहा प्यायचा, वळायचं आणि मग बाहेर पडायचं. लोक म्हणत, काय आग्रहाचं घर आहे! नमदे पलंगावर रचलेले. त्यामुळे इशेनकुलची बायको बुरुलकान रोज स्टुलावर पाय देऊन झोपायला चढे. छताच्या शेंड्याचं मोठं लाकडी कडं, ज्याला तुंदुक म्हणतात, ते बाल्कनीत. समोरच्या इमारतीतले लोक त्याला परदेशी चॅनेल पकडायची छत्री समजत आणि फुटबॉलच्या सामन्याला खुर्च्या घेऊन येत.

बुरुलकानचा धाकटा भाऊ जोल्चुबेक याचा या घरावर डोळा होता. त्याचा हमरस्त्यावर खानावळीचा धंदा. कबाबांच्या भट्टीशेजारी बोझ-उय ठोकायचं, आत निळे दिवे, दाराशी प्लॅस्टिकचा उंट, असा त्याचा बेत.

"जेज़्दे," तो इशेनकुलला म्हणायचा. जेज़्दे म्हणजे बहिणीचा नवरा, आपला दाजी. "जेज़्दे, तुमच्याकडे हे घर अंथरुणाला खिळलंय. माझ्याकडे उभं तरी राहील."

हे बुरुलकानला लागलं. कारण आईचं शेवटचं सांगणं तेच होतं: नमदा घडीत ठेवू नकोस, माणसं बसली नाहीत की त्याला कसर लागते. बुरुलकान एक दिवस भाकरीचं पीठ मळता मळता थांबली आणि म्हणाली, "अहो, पहिला बर्फ पडेपर्यंत वाट बघते. तोवर हे कुणाच्या कार्याला एकदा जरी उभं राहिलं, तर राहील माझ्याकडे. नाहीतर जोल्चुबेक म्हणतो ते खरं. मग नेऊ दे त्याला, उंटासकट."

"उंट त्याचाच आहे," इशेनकुल म्हणाला.

"तेच म्हणते मी. उद्या आईच्या दाराशी तो उभा असेल."

इशेनकुलने त्याच क्षणी कंबर कसली. हा माणूस उभी हयात ग्रंथालयात पुस्तकांची वर्गवारी करण्यात घालवलेला. मेंढीपालनाचं पुस्तक कवितेच्या कपाटात गेलं तर त्याला झोप येत नसे. त्यात आदल्या हिवाळ्यात एका सभागृहात निवृत्तांसाठी जाहिरातीचा वर्ग भरला होता आणि इशेनकुल त्यातून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडला होता. प्रमाणपत्र त्याने काचेत घालून लावलं होतं, काठ्यांच्या मागे. चार काठ्या बाजूला केल्या की दिसायचं.

वर्गातल्या मीरगुल मॅडमनी शिकवलेलं एवढंच: माणसं फोनमध्ये काहीतरी शोधतात. ती ज्या शब्दांनी शोधतात, ते शब्द आपण आधीच ओळखून ठेवायचे. त्यांचे गट करायचे, आणि दर गटाला साजेशी जाहिरात लिहायची. जाहिरात नुसती दिसली तर फुकट. कुणी तिच्यावर टिचकी मारली की आपल्या खिशाला टिचकी. म्हणून रोजचा शिधा ठरवून द्यायचा. शिधा संपला की जाहिरात त्या दिवसापुरती झोपली.

"गट नीट लावलेत तर जिंकलात," मॅडम म्हणाल्या होत्या. इशेनकुल मनात हसला होता. चाळीस हजार पुस्तकं लावलेल्या माणसाला ही बाई गट शिकवते!

पण आधी जाहिरातवाल्यांनी पत्र धाडलं, की धंदा खरोखर आहे याचा सरकारी दाखला द्या. म्हणून इशेनकुल कचेरीत गेला. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे घर कुठे आहे?"

"माझ्या घरात."

"म्हणजे घरात घर बांधलंत? परवानगी?"

"बांधलेलं नाही हो. सोडून ठेवलंय."

"म्हणजे पाडलंत. पाडायची परवानगी?"

"बाई, ते पाडत नाहीत, उतरवतात."

"मजले किती?"

"एक."

"दार कुठल्या दिशेला?"

इशेनकुलने खरं ते सांगितलं, "सध्या पलंगाखाली."

बाईंनी मोहोर खाली ठेवली. मग त्या आत गेल्या, साहेबांशी बोलल्या, साहेब बाहेर आले, त्यांनी इशेनकुलकडे माणूस बघावा तसं न बघता अडचण बघावी तसं बघितलं. शेवटी दाखला मिळाला. धंद्याचा प्रकार: 'घडीचं फर्निचर, मोठं'. याचा परिणाम असा झाला, की पुढे कितीतरी दिवस लोक त्याच्याकडे घडीचा सोफा मागत राहिले. पण इशेनकुल असल्या फुटकळ गोष्टींनी डगमगणारा नव्हता.

मग शब्द गोळा करायला सुरुवात झाली. त्याने इमारतीत दारोदार जाऊन विचारलं, "तुम्हाला बोझ-उय पाहिजे असेल तर फोनला काय सांगाल?" पहिल्या मजल्यावरचे तोक्तोमुश म्हणजे इमारतीचे आक्साकाल, पांढऱ्या दाढीचे वडीलधारे. त्यांच्या शब्दाशिवाय इमारतीत लग्न ठरत नसे आणि गटार दुरुस्त होत नसे. त्यांनी डोळे मिटून शब्द दिला: "ज्याच्या धुराला पूर्वजांचा वास आहे ते घर." शेजारच्या सोनुनबुबूने दिला: "बोझ-उय आजच्या आज पाहिजे सुनेच्या माहेरच्यांसमोर नाक कापलं जातंय." इशेनकुलने दोन्ही मान देऊन लिहून घेतले. असे चारशेच्या वर शब्द जमले. ग्रंथालयातून निघताना त्याने कोऱ्या कार्डांचे गठ्ठे आठवण म्हणून आणले होते, त्यांवर एकेक शब्द सुबक अक्षरात उतरला. फक्त 'तंबू' हा शब्द लिहायला त्याने साफ नकार दिला. "तंबू सर्कशीचा असतो," तो म्हणाला.

आता गट. इशेनकुलने बाह्या सरसावल्या आणि हयातभर केलं तेच केलं. अक्षरक्रम लावला.

त्यामुळे 'बोझ-उय'ने सुरू होणारी सगळी कार्डं एका गटात येऊन बसली. 'बोझ-उय लग्नाला', 'बोझ-उय मयताला', 'बोझ-उय बारशाला', सगळी मांडीला मांडी लावून. या गटासाठी त्याने एकच जाहिरात लिहिली, आणि लिहून झाल्यावर स्वतःच तीनदा वाचली: 'या! नाचा! गा! हे छत तुमच्या आनंदाची वाट बघतंय!'

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. पुरुषाचा, जाड आवाज.

"तुम्हीच का ते नाचायला बोलावणारे?"

"हो हो, मीच! या, सहकुटुंब या! कोणाचं कार्य?"

"वडिलांचं."

"वा! या वयात? कमाल आहे बुवा! हिंमत लागते!"

पलीकडचा आवाज आणखी जाड झाला.

"पहाटे गेले ते."

पुढे जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. इशेनकुलने फोन पालथा ठेवला आणि बाल्कनीत जाऊन तुंदुकाला धरून उभा राहिला. समोरच्या इमारतीतल्या एकाने हाक मारून विचारलं, "आज मॅच आहे का?"

बुरुलकानने चहा आणून दिला. "अहो, आनंद आणि दुःख एका कपाटात ठेवलंत तुम्ही."

"अक्षर एकच होतं," इशेनकुल पुटपुटला.

बातमी संध्याकाळपर्यंत इमारतभर झाली, आणि तोक्तोमुश आक्साकाल स्वतः वर आले. ते बोळातून आडवे होऊन आत शिरले, मधोमध बसले आणि म्हणाले, "पोरा, पुस्तकं मुकी असतात, कुठेही बसवलीस तरी बोलत नाहीत. शब्द म्हणजे माणसं. माणसांना मेजवानीला कसं बसवतोस? वयाने, मानाने. दारासमोरची जागा सगळ्यात थोराची. तिथून खाली खाली येत दाराशी पोरंटोरं. शब्दांची पंगत लाव."

इशेनकुलला हे पटलं. (कोणाच्याही नजरेला नजर न देता बोलणाऱ्या म्हाताऱ्याचं म्हणणं पटतंच.) मोठं जाजम अंथरलं. कार्डं आली. सोनुनबुबू मदतीला आली, म्हणजे सल्ला द्यायला आली. आणि चारशे शब्दांची पंगत बसायला लागली.

"'पूर्वज' वर बसव," आक्साकाल म्हणाले. "त्याच्या उजव्या हाताला 'नमदा'. 'लग्न' त्याच्या खाली, लग्न अजून तरुण आहे."

"आणि 'भाड्याने'?" इशेनकुलने विचारलं.

"भाड्याने!" आक्साकालनी तोंड वाकडं केलं. "तो शब्द दाराशी. चपलांपाशी."

"'स्वस्तात' कुठे बसवू?"

"जिन्यात."

सोनुनबुबूचं म्हणणं, 'सुनेच्या माहेरचे' हा शब्द 'लग्ना'च्या वर पाहिजे, कारण ते आले की लग्न बाजूलाच राहतं. यावरून तिचं आणि आक्साकालांचं पाऊण तास वाजलं. बुरुलकानला बेशबर्माकच्या, म्हणजे मांसाबरोबर वाढायच्या शेवयांचं पीठ लाटायला जाजमाचा कोपरा हवा होता. तिने 'विधी' या गटातली सहा कार्डं उचलून 'भोजन' या गटात ठेवली, आणि ती चूक कोणाच्याच लक्षात आली नाही.

गट लागले. जाहिरात निघाली. मीरगुल मॅडमना फोन करून इशेनकुलने अभिमानाने पंगत ऐकवली.

"इशेनकुल बाइके," मॅडम म्हणाल्या, म्हणजे थोरल्या भावाला म्हणतात तसं, "जो शब्द तुम्ही चपलांपाशी बसवलात ना, 'भाड्याने', गिऱ्हाईक तोच घेऊन येतो. पूर्वजांना शोधत कोणी फोन उघडत नाही. गट मानाने नाही लावायचे, माणूस कशासाठी आलाय ते बघून लावायचे. आणि दुसरं, नकोशा शब्दांची यादी करा. 'चित्र', 'फुकट', 'स्वप्न', असले शब्द घेऊन येणाऱ्यांना जाहिरात दाखवूच नका. दारातून परत पाठवा."

इशेनकुलने फोन खाली ठेवला. त्याने हे वाक्य आक्साकालांना सांगितलं मात्र, म्हातारा उठून उभा राहिला.

"परत पाठवा? दारातून?"

"असं त्या म्हणतात."

"देवाने धाडलेला पाहुणा कसा येतो, सांगून येतो? माझ्या आजोबांच्या दारी एकदा लांडगा आला होता."

"मग?"

"त्यालाही मेंढीचं फुफ्फुस घातलं!"

लांडग्याचं फुफ्फुस ऐकल्यावर बोलायला उरतंच काय? इशेनकुलने छाती पुढे काढली आणि जाहीर केलं, की त्याच्या दारातून एकही शब्द विन्मुख जाणार नाही. किरगिझ माणसाचं घर आहे, धर्मशाळा नव्हे— नाही, धर्मशाळाच म्हणा, पण तीही किरगिझ माणसाची.

आणि मग पाहुणे आले.

एका आईचा फोन आला, मुलाला शाळेत बोझ-उयचं चित्र काढायचंय, दाराला रंग कुठला? इशेनकुलने आधी तिच्या सासू-सासऱ्यांची, मुलाबाळांची, गुरांची खुशाली विचारली (ती सहाव्या मजल्यावर राहायची, गुरं नव्हती, पण विचारणं भाग होतं) आणि मग दाराच्या नक्षीवर असं काही सांगितलं, की ती म्हणाली, समक्ष येते. ती आली. मुलगा आला. मुलाच्या वर्गातले आणखी पाच जण आले. एका बेकरीवाल्याला बोझ-उयच्या आकाराचा केक करायचा होता, तो काठ्या मोजून गेला. नमद्याची कसर कशी काढावी हे विचारायला तर इतके लोक आले, की बुरुलकानने पलंगावरचे नमदे उघडून दाखवायला सुरुवात केली, आणि एकाने खरोखरच तिथे कसर सोडली. हॉलंडचा एक सायकलवाला 'बोझ-उयमध्ये रात्र' असं शोधत आला. ते उभं नाही हे कळल्यावरही तो निराश झाला नाही. बोळात काठ्यांखाली आडवा झाला आणि दोन रात्री घोरला, सायकल न्हाणीघरात.

सगळ्यात कहर स्वप्नांचा. एका बाईंना स्वप्नात बिनछताचं बोझ-उय दिसलं होतं, अर्थ काय? इशेनकुल अडखळला तेवढ्यात सोनुनबुबूने फोन हिसकावला. "नणंद रागावलीय का गं?" तिने विचारलं. रागावली होती! झालं. सोनुनबुबूच्या नावाचा बोलबाला झाला. सकाळचा चहा होण्याआधी जाहिरातीचा सगळा शिधा स्वप्नांवर खर्च व्हायचा, आणि ज्याला खरंच घर हवं असेल त्याने दुपारी फोन उघडला तर इशेनकुल तिथे नसायचाच.

तिकडे शहरामागच्या 'आला-तो' डोंगररांगेवर बर्फाची रेघ रोज थोडी थोडी खाली सरकत होती. बाजारात आलेला माणूस भाव विचारायच्या आधी मान वर करून डोंगराकडे बघायचा. एक दिवस जोल्चुबेक मोजपट्टी घेऊन आला. आतला पसारा पाहून तो दारातच थांबला: बोळात परदेशी माणूस, जाजमावर चित्रं काढणारी पोरं, स्वयंपाकघरात सोनुनबुबू कोणाला तरी सांगतेय, "पांढरा घोडा चांगला, पण तो पाठमोरा होता का?"

"जेज़्दे," तो म्हणाला, "माझ्या खानावळीत एवढी गर्दी नसते. धंदा जोरात दिसतो!"

"जोरात आहे," इशेनकुलने ताठ मानेने सांगितलं.

"किती ठिकाणी उभं राहिलं?"

इशेनकुलने पोरांच्या चित्रांकडे बोट केलं. "कागदावर सहा ठिकाणी."

जोल्चुबेक हसला, पण फार नाही. त्याने बाल्कनीत जाऊन तुंदुकाचा घेर मोजला आणि जाताना बहिणीला म्हणाला, "आपा, वेधशाळा म्हणतेय या आठवड्यात. ट्रक तयार ठेवतो."

तो गेल्यावर बुरुलकानने पोरांना घरी पाठवलं, फोन सोनुनबुबूच्या हातून घेतला, सायकलवाल्याला भाकरीची चवड बांधून दिली आणि दरवाजा दाखवला. मग आक्साकालांना वर बोलावून घेतलं. ते आल्यावर ती त्यांच्यासमोर बसली. नवऱ्याच्या देखत वडीलधाऱ्यांशी ती कधी मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"आक्साकाल, एक विचारू? तुमच्या आजोबांच्या दारावरून जो जाई तो प्रत्येक जण आत बसून मेंढी खाऊन जाई?"

"प्रत्येक जण कसा? घाईतला माणूस घोड्यावरूनच जायचा."

"मग त्याला तसाच जाऊ देत?"

"छे! भाकरी पुढे करत. 'ओझ तिय', म्हणजे तोंडाला लाव आणि जा. तो तुकडा मोडायचा, आशीर्वाद द्यायचा, जायचा."

"त्याचा अपमान व्हायचा?"

आक्साकालनी दाढी चाचपली. "उलट. त्याला बसवलं असतं तर त्याचा खोळंबा झाला असता."

"मग चित्रवाले, स्वप्नवाले, केकवाले, हे सगळे घोड्यावरचे. त्यांचा एक गट करा. दारातला. त्यांच्यासाठी शिध्यातला एक घास. जाहिरात अशी: 'बोझ-उयबद्दल काही विचारायचंय? इथे वाचा.' तुकडा मोडतील, जातील. कोणी विन्मुख नाही. आणि आत बसायला आलेल्यांना एका जाजमावर का कोंबलंत? लग्नवाल्यांचं जाजम वेगळं, बारशावाल्यांचं वेगळं, पर्यटकांचं वेगळं. आणि ज्यांच्या घरी माणूस गेलंय, त्यांच्या जाजमावर दुसरं कोणीच नको."

चाळीस हजार पुस्तकं लावलेला माणूस बायकोकडे बघत राहिला. आक्साकालनी खाकरून निकाल दिला: "मी हेच म्हणत होतो."

मग कामाला भर आला. जाजमं जमेनात म्हणून पलंगपोस अंथरले. इशेनकुल एकेक कार्ड उचलायचा आणि आता 'तू कोण' असं न विचारता 'तू कशाला आलास' असं विचारायचा. 'भाड्याने' चपलांपासून उठून चार जाजमांवर मानाने बसला. 'तंबू' हा शब्दसुद्धा दाराशी आला. इशेनकुलने डोळे मिटून लिहिला. 'पूर्वज' मात्र कोणत्याच गटात बसेना. ते कार्ड आक्साकालनी खिशात घातलं, म्हणाले, "हा माझ्याकडे जेवेल." प्रत्येक जाजमाची जाहिरात इशेनकुलने लिहिली. दुःखाच्या जाजमाची मात्र बुरुलकानने त्याला लिहूच दिली नाही. तिने स्वतः सांगितली: 'दुःखाच्या घरी. आम्ही येऊ, उभं करू, बोलणार नाही.'

आणि फोन गप्प झाला.

स्वप्न नाही, केक नाही, कसर नाही. एक दिवस गेला. इशेनकुल फोन उशाशी घेऊन बसला, मग मांडीवर, मग त्याने सोनुनबुबूला सांगितलं, माझ्या फोनवर फोन करून बघ, लागतो का. लागला. "काय म्हणतोस?" ती म्हणाली. "काही नाही," तो म्हणाला, आणि दोघांनी ठेवला. आक्साकालनी जिन्यात गाठून सुनावलं, "पाहुणे हाकललेस. आता बस हात चोळत." आपणच 'मी हेच म्हणत होतो' म्हणालो होतो, हे त्यांना आठवत नव्हतं. आभाळ राखाडी झालं होतं. रस्त्यावरचे लोक कॉलर वर करून चालायला लागले होते.

"वाट बघायची," इशेनकुल म्हणाला. "गट बरोबर आहेत." कोणी विचारलं नव्हतं.

सकाळी फोन वाजला. बाईचा आवाज, रडून कोरडा झालेला.

"वडील गेले. इमारतीच्या अंगणात बोझ-उय उभं करायचंय, आजच. तुमचं वाचलं. खरंच बोलणार नाही ना? इथे सकाळपासून सगळे नुसते बोलतायत."

इशेनकुलच्या तोंडाशी खुशाली आली होती: मुलंबाळं, गुरंढोरं. त्याने ती गिळली.

"पत्ता सांगा," एवढंच म्हणाला.

त्यानंतर इशेनकुलच्या इमारतीत जे झालं ते बघायला हवं होतं. काठ्या जिन्यातून उतरल्या, प्रत्येक मजल्यावरून दोन हात पुढे आले. सोनुनबुबूने नमद्याचं एक टोक धरलं आणि तिला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं म्हणून ती नाकाने बोलत होती. आक्साकाल भाड्याने आणलेल्या ट्रॉलीत तुंदुकाच्या मधोमध बसले, वाटेत चौकात एकाने विचारलं, "कुठे निघालात, आक्साकाल?" तर त्यांनी ओठ घट्ट मिटून नुसतं आकाशाकडे बोट केलं. तो माणूस टोपी काढून उभाच राहिला.

अंगणात शब्द न बोलता दार उभं राहिलं, भिंतींच्या लाकडी जाळ्या गोल फिरल्या, इशेनकुलने खांबावर तुंदुक वर उचललं आणि बायका-पुरुषांनी काठ्या त्यात खुपसायला सुरुवात केली. तेवढ्यात पहिला कण पडला. काहींचं म्हणणं, तुंदुक आधी वर गेलं, मग बर्फ. काहींचं म्हणणं, बर्फ आधी. खरं कोणी बघितलं नाही, सगळ्यांच्या माना वर होत्या पण काठ्यांकडे.

नमदा चढला, दोऱ्या आवळल्या. आतून बायकांचा शोक सुरू झाला. पुरुष दाराबाहेर ओळीने उभे राहिले, हातातल्या काठ्यांवर टेकून. इशेनकुल बाजूला, भिंतीशी, हात बांधून.

आणि अंगणात ट्रक शिरला.

जोल्चुबेक घरी जाऊन आला होता, घर रिकामं पाहून पत्ता विचारत आला होता. तो धाडकन दार आपटून उतरला, खांद्यावर बर्फ, हात वर, "जेज़्दे! बर्फ पडला! बोलीप्रमाणे—"

एवढं बोलून त्याने पाहिलं. ओळीतले पुरुष त्याच्याकडे वळले होते. आता किरगिझांत रिवाज असा, की दुःखाच्या बोझ-उयकडे पुरुष जातो तो चालत नाही जात. मोठ्याने रडत, धावत जातो. दुरून हाक देतो, मेलेल्याला आपलं म्हणतो. ट्रकमधून घाईघाईने उतरलेला, हात उंचावलेला धिप्पाड माणूस पाहून ओळीतल्या थोरल्याने आपला हुंदका चढवून त्याला साथ दिली. मागे फिरायचं तर लाज सात पिढ्यांची.

जोल्चुबेकने एकदा इशेनकुलकडे बघितलं. इशेनकुलने बर्फाकडे बघितलं.

"माझ्या बापा रे!" जोल्चुबेकने सुरुवात केली. आवाज खानावळीतला, गिऱ्हाइकाला बोलवायचा. तो अडखळत पुढे निघाला. "का सोडून गेलास रे!" चार पावलं, पाच. मग तो दाराजवळ आला, आणि दारावरची पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर आली. ती आईने विणली होती. विणताना त्याला मांडीवर घेऊन, दोरा त्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधून. त्याचा आवाज तिथेच फाटला.

"आई गं!" तो ओरडला. "आई गं माझी!"

मेला होता म्हातारा. पण ओळीतल्या कोणालाच ते खटकलं नाही. इतकं खरं रडणं त्या सकाळपासून अंगणात झालं नव्हतं. पुरुषांनी त्याला मिठीत घेतलं, त्यांना पुन्हा रडू फुटलं, आतल्या बायकांचा सूर चढला. त्याला आत नेऊन मानाच्या जागी बसवलं, पुढ्यात गरम चहा आणि मांस ठेवलं. तो खात होता आणि छताकडे बघत होता आणि पुन्हा रडत होता.

मेलेल्याची मुलगी डोळे पुसत बाहेर आली. इशेनकुलला हळूच म्हणाली, "हे बाबांचे कोण हो? एवढं कोणीच रडलं नाही."

इशेनकुलने तोंड उघडलं आणि मिटलं. आम्ही बोलणार नाही, असं जाहिरातीत लिहिलेलं होतं. त्याने नुसतं छातीवर हात ठेवून मान झुकवली. मुलीने त्याहून खोल झुकवली, आणि पाहुण्याला आणखी मांस वाढायला आत गेली.

तीन दिवसांनी घर उतरवायला जोल्चुबेक आपणहून आला. कोणाला हात लावू दिला नाही. दारावरची पट्टी स्वतः गुंडाळून पुढच्या सीटवर, बहिणीच्या मांडीवर ठेवली. इशेनकुल मागे नमद्यांवर बसला, फोन कानाला, कोणाला तरी सांगत होता, "हो, शनिवारी. लग्नाचं ना? मग तुमचं जाजम वेगळं."

जोल्चुबेकने इंजिन सुरू केलं.

"आपा, तुंदुक आधी वर गेलं की बर्फ आधी पडला?"

"मला काय ठाऊक?" बुरुलकान म्हणाली. "तुला ठाऊक असेल. तू आलास तेव्हा ओरडत होतास."

"मी आलो तेव्हा... नंतर रडत होतो."

"मग तर मोजायला कोणीच नव्हतं."

"रडत नव्हतो. रिवाज पाळत होतो."

"बरं," बुरुलकान पट्टीवरचा बर्फ झटकत म्हणाली, "मग शनिवारी लग्नाचाही पाळ. सकाळी लवकर ट्रक घेऊन ये, आणि येताना अंघोळ करून ये, तुझ्या अंगाला कबाबांचा वास येतो."

जोल्चुबेकने मान डोलावली. खानावळीच्या हमरस्त्याकडे जायचं वळण आलं तसा त्याने ट्रक दुसऱ्या बाजूला घेतला.